एका फळीतून, खिळा न मारता, उचलून नेता येणारी खुर्ची: आराखडा आणि चर्चा

काटकोन (धागालेखक)

नमस्कार. एका सलग फळीचे दोनच तुकडे करून, खिळा, स्क्रू, बिजागरी किंवा सरस यांपैकी काहीही न वापरता उभी राहील आणि सुटी करून काखेत मारून नेता येईल, अशा खुर्चीचा आराखडा येथे मांडत आहे. ही कल्पना नवी नाही. मध्य आणि पूर्व आफ्रिकेत एकमेकींत अडकणाऱ्या दोन फळ्यांच्या कोरीव खुर्च्या पूर्वापार केल्या जातात आणि इतरत्रही हौशी सुतारांमध्ये ही रचना लोकप्रिय आहे. रचना दिसायला इतकी सोपी असूनही एखादी खुर्ची बसल्याबरोबर अंगाला मानवते आणि तशीच दिसणारी दुसरी डगमगते किंवा पुढे कलंडते, असे का होते, याचा विचार करताना मी या मतावर आलो आहे की जवळजवळ सगळा निर्णय पाठीतल्या एका खाचेत होतो. म्हणून लाकूड, आकार आणि सजावट यांच्याआधी खाचेविषयी बोलावे, अशी विनंती आहे.

फळी १८०० मिमी लांब, २८० मिमी रुंद आणि रंधा मारून झाल्यावर ४० मिमी जाड धरली आहे. तिचा ८३६ मिमीचा तुकडा पाठ होतो आणि ९२४ मिमीचा तुकडा बैठक. उरलेले ४० मिमी करवतीच्या कापांत आणि टोके साफ करण्यात जातात. बैठकीच्या तुकड्याचा पुढचा ३७० मिमी भाग पूर्ण रुंदीचा राहतो, तर मागचा ५५४ मिमी भाग दोन्ही बाजूंनी ८० मिमी कापून त्याची १२० मिमी रुंदीची शेपटी करायची. पाठीच्या तुकड्यात, खालच्या टोकापासून २३६ मिमीवर मध्य येईल अशी आरपार खाच घ्यायची. शेपटी समोरून त्या खाचेत सरकवली आणि बैठकीचे खांदे, म्हणजे शेपटी सुरू होते तिथल्या दोन्ही बाजूंच्या पायऱ्या, पाठीला टेकले, की खुर्ची उभी राहिली. बाजूने पाहिल्यास दोन फळ्या एकमेकींना छेदतात; पाठीचे खालचे टोक हा पुढचा पाय आणि शेपटीचे टोक हा मागचा पाय.

पाठ उभ्या रेषेपासून ३२ अंश मागे कललेली आणि बैठक आडव्या रेषेपासून २२ अंश पुढून वर उचललेली धरली आहे, म्हणजे दोहोंमधला कोन १०० अंशांचा होतो. फळ्यांच्या मध्यरेषा जिथे छेदतात तो बिंदू जमिनीपासून २०० मिमी उंच आहे. या हिशेबाने पुढचा पाय छेदबिंदूच्या १२५ मिमी पुढे आणि मागचा पाय ४९५ मिमी मागे टेकतो. बैठकीची पुढची कड जमिनीपासून साधारण ३६५ मिमी आणि पाठीचा माथा साधारण ७१० मिमी उंचीवर येतो.

आता खाच. ती फळीच्या पृष्ठाला काटकोनात, सरळ आरपार कापली, तर शेपटी तिच्यात तिरकी बसते आणि किती तिरकी बसेल हे केवळ खाचेच्या उंचीवर ठरते. दोन फळ्यांमधला कोन काटकोनापेक्षा जितका जास्त हवा असेल तो जादा कोन घ्यावा. शेपटीची जाडी भागिले त्या कोनाची कोज्या (cos), अधिक पाठीची जाडी गुणिले त्याच कोनाची स्पर्शज्या (tan), इतकी खाचेची उंची लागते. दोन्ही जाड्या ४० मिमी असतील तर ५ अंशांसाठी ४३.७, १० अंशांसाठी ४७.७ आणि १५ अंशांसाठी ५२.१ मिमी असे आकडे येतात. म्हणजे पटाशीने चार मिमी जास्त कोरले गेले, की पाठ आणि बैठक यांमधला कोन पाच अंशांनी उघडतो. कागदावर काढलेली देखणी आकृती आणि प्रत्यक्ष खुर्ची यांत तफावत पडते ती बहुधा येथेच.

मला तीन गोष्टींवर जाणकारांचे मत हवे आहे: खाचेच्या भिंती सरळ ठेवाव्यात की तिरक्या कापाव्यात, जाडी कमी करून वजन कुठवर वाचवता येईल, आणि अशा खुर्चीत पाठ जरा अधिक ताठ ठेवणे शक्य आहे का.

उंबरठा

धागा आवडला आणि खाचेपासून सुरुवात केली हे तर फारच योग्य झाले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर खाचेवर किती दाब येतो हे पाहिल्यावर आपोआप मिळते, म्हणून तो हिशेब मांडतो.

माणूस बसला की बैठकीचे पुढचे टोक खाली जाऊ पाहते, आणि मागच्या पायाला जमिनीचा मिळणारा आधार शेपटीला वर ढकलतो. म्हणजे दोन्हींमुळे बैठक एकाच दिशेने फिरू पाहते. हे फिरणे थांबवायला खाचेखेरीज दुसरे काहीही नाही. खाचेच्या खालच्या भिंतीची पुढची कड बैठकीला खालून वर रेटते आणि वरच्या भिंतीची मागची कड शेपटीला वरून खाली दाबते. या दोन रेट्यांमधले अंतर पाठीच्या जाडीएवढे, म्हणजे फक्त ४० मिमी आहे, आणि इतक्या आखूड तरफेने संपूर्ण भार तोलायचा असल्यामुळे रेटे मोठे होतात. पंचाहत्तर-ऐंशी किलोचा माणूस शांतपणे बसला तरी प्रत्येक कडेवर अंदाजे ३०० किलो वजनाइतका दाब येतो. पाठ २५ मिमी जाडीची केली तर हाच दाब ४८० किलोंच्या आसपास जातो. धपकन बसणाऱ्यासाठी हे आकडे दुप्पट धरावेत.

सरळ कापलेल्या खाचेत हा सगळा दाब एका धारेवर, म्हणजे काही मिमी रुंदीच्या पट्टीवर येतो. खाचेच्या वरच्या-खालच्या भिंती या पाठीच्या तंतूंची कापलेली टोके असतात, त्यामुळे त्या कठीण असतात. शेपटीवर मात्र दाब तंतूंना आडवा पडतो आणि त्या दिशेने लाकूड सर्वांत लवकर चेपते. देवदार किंवा चीड यांसारख्या मऊ लाकडात शेपटीवर वर एक आणि खाली एक अशी आडवी चेप उमटते, चेप वाढली की कोन उघडतो, आणि खुर्ची दिवसेंदिवस मागे कलत जाते. कोन उघडला की पुढचा आणि मागचा पाय एकमेकांपासून दूर सरकतात. खडबडीत जमिनीवर घर्षण त्यांना थोडेफार धरून ठेवते, गुळगुळीत फरशीवर सारी भिस्त खाचेवर राहते.

म्हणून माझे स्पष्ट मत: भिंती तिरक्या कापाव्यात. मग खाचेची उंची दोन्ही पृष्ठांवर ४०.६ मिमीच राहील, फक्त मागच्या पृष्ठावर ती ७ मिमी वर, म्हणजे माथ्याच्या दिशेने सरकवून आखायची. शेपटी भिंतीवर पसरून टेकते, दाब कितीतरी मोठ्या जागेवर वाटला जातो आणि कोन वर्षानुवर्षे तसाच राहतो.

आणखी एक. बैठकीचे खांदे काटकोनात कापले तर ते पाठीला फक्त खालच्या कडेने टेकतील आणि वरच्या बाजूला सात मिमीची फट राहील, कारण पाठ बैठकीच्या काटकोनापेक्षा १० अंश मागे झुकलेली आहे. खांद्यांनाही तोच १० अंशांचा उतार द्यावा. बैठक मागे उतरती असल्यामुळे बसणाऱ्याचा भार तिला मागे ढकलतो आणि तो खांद्यांनीच पाठीवर घ्यायचा असतो; तिथे फट ठेवून चालणार नाही.

काटकोन

उंबरठा, मनःपूर्वक आभार. ३०० किलोंचा आकडा मी स्वतंत्रपणे पडताळून पाहिला. छेदबिंदूच्या १३० मिमी पुढे साधारण ६० किलोंचा भार आणि मागच्या पायावर ८ ते ९ किलोंचा आधार धरला, तर तो जुळतो. मागच्या पायावर इतका कमी भार येतो हेही यातून दिसले. नीट टेकून बसलेल्या माणसाच्या वजनाचा फार तर पाचवा हिस्सा शेपटीच्या टोकावर पडतो, त्यामुळे मऊ मातीत १२० मिमीची अरुंद शेपटी रुतेल ही भीती बाळगण्याचे कारण नाही. खरा भार पाठीच्या २८० मिमी रुंद खालच्या टोकावर आहे आणि ते टोक ३२ अंशांत कापून जमिनीला सपाट टेकवले की काम झाले.

शेपटीचे टोक मात्र तसे सपाट कापू नये. ते जमिनीशी २२ अंशांतच येत असल्यामुळे पूर्ण सपाट काप घेतल्यास तिथे पातळ, लांब धार तयार होईल आणि पहिल्याच धक्क्यात तिची ढलपी निघेल. खालचा कोपरा चांगला गोल करणे पुरेसे आहे.

शिसवी

लाकडाच्या बाजूने थोडे लिहिते. सर्वांनी "एक फळी" ही अट काटकसरीची किंवा हौसेची म्हणून घेतलेली दिसते, पण तिचा खरा लाभ वेगळा आहे.

हवेतला ओलावा वाढला की लाकूड फुगते, पण सर्व दिशांना सारखे नाही. तंतूंच्या लांबीच्या दिशेने ते जवळजवळ हलत नाही, आणि रुंदीत-जाडीत हलते तेव्हा वाढचक्रांना समांतर दिशेने चक्रांच्या आडव्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट हलते. आता खाचेकडे पाहावे. खाचेची रुंदी पाठीच्या रुंदीच्या दिशेने आहे आणि शेपटीची रुंदी बैठकीच्या रुंदीच्या दिशेने. दोन्ही तुकडे एकाच फळीतले, एकाच प्रकारे चिरलेले आणि सारखेच वाळलेले असल्यामुळे पावसाळ्यात दोन्ही जवळजवळ सारख्या प्रमाणात रुंदावतात आणि बाजूची फट कायम राहते. एक तुकडा सागाचा आणि दुसरा आंब्याचा घेतला, तर ही जुळणी हाती राहत नाही.

जाडीचे मात्र तसे नाही. खाचेची उंची पाठीच्या तंतूंच्या दिशेने असल्यामुळे ती बदलत नाही. शेपटीची जाडी मात्र बदलते. लाकडातला ओलावा १२ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेला, तर ४० मिमी जाडीत अर्ध्या मिमीच्या आसपास वाढ होऊ शकते. उन्हाळ्यात घट्ट बसवलेली शेपटी पावसाळ्यात खाचेत अडकून बसते आणि ती काढण्यासाठी ठोकाठोकी केली, की पाठीला खाचेच्या कोपऱ्यातून तडा जातो. म्हणून उंचीत सुमारे एक मिमी सैल ठेवावे. उंबरठा यांनी सांगितलेल्या तिरक्या भिंतींमध्ये एवढ्या सैलपणाने कोन साधारण सव्वा अंशाने उघडेल, तो आधीच हिशेबात धरावा.

फळी निवडताना टोकाकडून पाहावे. वाढचक्रांचा मध्यबिंदू, म्हणजे खोडाचा गर, फळीत आला असेल तर ती फळी घेऊ नये, कारण ती गरापासूनच फाटते. २८० मिमी रुंदीची फळी बहुधा चक्रांना स्पर्श करत चिरलेली असते आणि वाळताना तिची सालीकडची बाजू खोलगट होते. बैठकीसाठी तीच बाजू वर ठेवावी. थोडी खोलगट झाली तर बसायला सोयीचीच ठरते. गाठ कुठेही चालेल, पण शेपटी जिथे बैठकीपासून निघते तिथे आणि खाचेच्या दोन्ही बाजूंना उरणाऱ्या ७९ मिमीच्या पट्ट्यांत मुळीच नको. तंतू फळीच्या कडेला तिरके जात असतील, तर तेही शेपटीत चालणार नाही, कारण तिरका तंतू शेपटीच्या कडेतून बाहेर पडतो आणि वाकताना तिथूनच उकलतो.

नवशिका

चर्चा अतिशय उपयुक्त आहे. माझ्याकडे यंत्रे नाहीत. हाताची करवत, दोन पटाश्या, गिरमिट, गुण्या (काटकोन आखायचे साधन) आणि रंधा एवढेच आहे. ४० मिमी जाड फळीत तिरक्या भिंतींची आरपार खाच एवढ्या हत्यारांनी नेमकी कशी करावी? आणि १८ मिमीच्या प्लायवूडमध्ये हीच खुर्ची केली तर चालेल का?

गिरमिट

तुमच्याकडे आहे तेवढी हत्यारे पुरेशी आहेत. पटाशीची धार मात्र उत्तम हवी. क्रम सांगतो, कारण या कामात क्रम चुकला की दुरुस्तीला वाव उरत नाही.

सर्वप्रथम शेपटी कापा, खाच नंतर. शेपटीच्या दोन्ही बाजूंनी जे ८० मिमी रुंदीचे तुकडे निघतील, ते टाकून देऊ नका. त्यांची जाडी शेपटीएवढीच, तंतू तसेच आणि फळीही तीच, त्यामुळे खाच तपासायला याहून चांगले माप मिळणार नाही. खाच कोरताना शेपटीऐवजी हा तुकडा घालून पाहायचा आणि त्याला कोनमाप लावून कोन मोजायचा. अख्खी बैठक उचलून पुन्हा पुन्हा घालून पाहण्याचा त्रास वाचतो आणि शेपटीच्या कडाही खराब होत नाहीत.

शेपटी कापण्यापूर्वी तिच्या दोन्ही आतल्या कोपऱ्यांत १६ मिमीचे भोक पाडा. भोकाचा मध्य खांद्याच्या रेषेवर असावा आणि भोकाची कड शेपटीच्या रेषेला जेमतेम स्पर्श करावी. असे केले, की कोपरा टोकदार राहत नाही आणि तडा सुरू व्हायला जागा मिळत नाही. शिवाय गोलाई खांद्याच्या आत गेल्यामुळे शेपटीच्या मुळाशी फुगवटा राहत नाही, जो राहिला असता तर खांदा पाठीला कधीच पूर्ण टेकला नसता.

खाचेची आखणी पेन्सिलीने करू नका, धारदार चाकूने करा. पाठीच्या एकाच कडेवर गुण्या टेकवून पुढच्या पृष्ठावरच्या रेषा काढा, कडेवरून त्या मागे न्या आणि मागच्या पृष्ठावर ७ मिमी माथ्याकडे सरकवा. रुंदी १२२ मिमी ठेवा, म्हणजे बाजूंना एकेक मिमी मोकळा राहतो. मग आतल्या भागात २० मिमीच्या भोकांची ओळ पाडा. भोक एका बाजूने आरपार नेऊ नका. गिरमिटाचे टोक पलीकडे जेमतेम दिसले की थांबा, फळी उलटी करा आणि उरलेले भोक तिकडून पूर्ण करा, म्हणजे मागच्या पृष्ठाच्या ढलप्या उडणार नाहीत.

यानंतरचे काम पटाशीचे आहे. वरची आणि खालची भिंत आधी घ्या. तिथे पटाशी तंतूंना आडवी कापते, म्हणून अर्धा मिमी लाकूड एका वेळी, मोगरीच्या हलक्या ठोक्यांनी, दोन्ही पृष्ठांकडून मध्याकडे येत काढा. भिंतीचा मध्य अगदी किंचित खोल गेला तरी चालेल, फुगलेला चालणार नाही. फुगवटा राहिला की शेपटी त्यावर डोलते. कलत्या भिंतीसाठी लाकडाच्या एखाद्या ठोकळ्याला १० अंशांचा उतार देऊन तो पृष्ठावर धरा आणि पटाशीची सपाट बाजू त्याला टेकवून दाबा. बाजूच्या आखूड भिंती शेवटी, आणि तिथे मोगरी अजिबात वापरू नका. त्या भिंती तंतूंच्या दिशेने असतात. ठोका पडला की पटाशी पाचरीसारखी आत शिरते आणि फाट थेट फळीच्या टोकापर्यंत जाऊ शकते. हाताच्या जोरानेच पातळ पापुद्रे काढा.

खाच आधी ४० मिमीपेक्षा थोडी कमी उंचीची ठेवा आणि मापाचा तुकडा शिरू लागेपर्यंत फक्त वरची भिंत सोलत जा. खालची भिंत एकदा नीट झाली, की तिला पुन्हा हात लावू नका, कारण बैठकीची उंची तिच्यावरून मोजली जाते.

उंबरठा

नवशिका यांच्या प्लायवूडच्या प्रश्नाला उत्तर देतो. वाकण्याला फळीचा होणारा प्रतिकार जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो आणि ताठपणा घनाच्या प्रमाणात. ४० मिमीच्या जागी १८ मिमी घेतले, की ताकद पाचव्या हिश्श्यावर आणि ताठपणा अकराव्या हिश्श्यावर येतो. त्यातही प्लायवूडचे जवळजवळ अर्धे थर आडव्या तंतूंचे असल्यामुळे लांबीच्या दिशेने ते फारसे कामी येत नाहीत. प्लायवूड फाटत नाही हा गुण मोठा आहे, पण १२० मिमी रुंदीच्या शेपटीला तो पुरणार नाही. या आराखड्यात ते वापरू नये.

काटकोन यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. सलग, गाठी नसलेल्या लाकडात ४० मिमीला भरपूर राखीव ताकद आहे. ३२ मिमीला ताकद ६४ टक्के उरते आणि चांगल्या सागासाठी ती पुरेशी वाटते. त्याखाली मात्र आधी खाच अपुरी पडेल आणि मग शेपटी, कारण पाठ पातळ झाली की तरफेचा हात आखूड होतो आणि कडेवरचा दाब वाढतो. वजनाचे म्हणाल, तर शेपटीच्या बाजूचे तुकडे वजा करून ४० मिमीची सागवानी खुर्ची साडेदहा किलोंच्या जवळपास भरेल आणि ३२ मिमीची सव्वाआठ किलोंच्या. देवदाराची ४० मिमी खुर्ची आठ ते नऊ किलोंत होते. उचलून न्यायची वस्तू असल्यामुळे जाड देवदार आणि पातळ साग यांत मी पातळ सागाकडे झुकेन, पण खाचेचे गणित मात्र ३२ मिमीसाठी नव्याने करावे लागेल.

भिंगरी

मला तिसऱ्या प्रश्नावर बोलायचे आहे, कारण बसणाऱ्याच्या गुडघ्यांचा आणि कंबरेचा विचार अजून आलेला नाही. ३२ अंश मागे कललेली पाठ विसाव्यासाठी, आकाश पाहण्यासाठी किंवा गप्पांसाठी उत्तम आहे, पण काही लिहायचे किंवा जेवायचे असेल तर ती गैरसोयीची आहे आणि गुडघेदुखी असलेल्या माणसाला त्यातून उठणे अवघड आहे. बैठक २२ ऐवजी १२ अंशांची आणि पाठ २२ अंशांची करता येणार नाही का? दोहोंमधला कोन तोच १०० अंश राहतो, त्यामुळे खाच बदलावी लागणार नाही.

काटकोन

भिंगरी, हाच प्रश्न मला सर्वांत जास्त विचार करायला लावणारा वाटतो, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

खाच तशीच राहील हे आपले निरीक्षण बरोबर आहे. बदलावी लागेल ती लांबी. शेपटी जमिनीला टेकण्यासाठी छेदबिंदूची उंची भागिले बैठकीच्या चढाच्या कोनाची ज्या (sin), इतकी लांब हवी. २०० मिमी उंची आणि २२ अंश यांना ५३४ मिमी लागतात. त्याच उंचीला १२ अंश केले तर ९६२ मिमी लागतात, म्हणजे एकट्या बैठकीचा तुकडाच साडेतेराशे मिमीचा होतो, मागे जवळजवळ मीटरभर शेपटी पसरते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायांत येते. हे टाळण्यासाठी छेदबिंदू १२० मिमीवर खाली आणला तर शेपटी ५७७ मिमीत बसते खरी, पण मग पुढचा पाय छेदबिंदूच्या जेमतेम ४८ मिमी पुढे टेकतो. बसलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारण त्याच रेषेच्या आसपास असतो. पुढे वाकून काही उचलायला गेला की खुर्ची पुढे कलंडणार.

या जातीच्या सगळ्या खुर्च्या मागे रेललेल्या का असतात, याचे कारण माझ्या मते हेच आहे. पाठीचे खालचे टोक हाच पुढचा पाय असल्यामुळे पाठ जितकी ताठ, तितका पुढचा पाय मागे. ताठ पाठ हवी असेल तर पुढचा पाय वेगळा करावा लागेल, म्हणजे तिसरा तुकडा आणि दुसरा सांधा आला. ती एक वेगळी, चांगली खुर्ची होईल, पण या आराखड्यात ती बसत नाही. मधला मार्ग म्हणून बैठक १८ अंश, पाठ २८ अंश आणि छेदबिंदू २०० मिमी असा हिशेब करून पाहिला. शेपटी ६४७ मिमी होते, पुढचा पाय १०६ मिमी पुढे येतो आणि एकूण फळी, कापांचे ४० मिमी धरून, १९०० मिमीच्या वर जाते. शक्य आहे, पण पुढे कलंडण्याची सुरक्षितता आणखी कमी होते.

यावरून एक इशारा मूळ आराखड्यालाही लागू होतो. बैठकीची पुढची कड पुढच्या पायाच्या बरीच पुढे असल्यामुळे या खुर्चीच्या कडेवर कोणी बसू नये, आणि उठताना पाय मागे घेऊन, वजन आधी तळव्यांवर आणून मग उठावे. गुडघेदुखी असलेल्यांसाठी ही खुर्ची मी सुचवणार नाही.

शिसवी

तेलाविषयी राहून गेले. खाचेच्या आत आणि शेपटीवर व्हार्निश किंवा रंग लावू नये. त्याचा थर जाडी वाढवतो, दाबाखाली चिकटतो आणि मग सोलून निघतो. जवसाचे तेल सर्वांगाला दोन-तीन हात द्यावे, प्रत्येक हातानंतर न मुरलेले तेल पुसून घ्यावे, आणि शेपटीवर शेवटी थोडे मेण चोळावे. दोन्ही पायांची टोके मात्र तेल पिणे थांबेपर्यंत भिजवावीत, कारण कापलेल्या तंतूंमधून जमिनीतला ओलावा झपाट्याने वर चढतो. तेलाने भिजलेली फडकी चुरगळून एकत्र टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि अशा बोळ्याने आपोआप पेट घेतल्याची उदाहरणे आहेत. फडकी पसरून उघड्यावर वाळू द्यावीत.

नवशिका

सर्वांचे आभार. उचलून नेताना दोन तुकडे सुटे होऊ नयेत म्हणून काही व्यवस्था करता येईल का? आणि हीच खुर्ची लहान मुलांसाठी करायची असेल, तर सगळी मापे सरळ त्याच प्रमाणात कमी केली तर चालतील का?

काटकोन

नेताना दोन्ही तुकडे एकमेकांवर सपाट ठेवावेत. जाडी ८० मिमी आणि लांबी ९२४ मिमी एवढाच गठ्ठा होतो. पाठीची खाच उघडीच असते. त्यातून पट्टा ओवून शेपटीभोवती एक वेढा घेतला, की तुकडे सरकत नाहीत आणि तोच पट्टा खांद्याला लावता येतो. हाताने न्यायची असेल तर पाठीच्या माथ्यापासून ५० मिमी खाली १०० मिमी लांब आणि ३० मिमी रुंद, गोल टोकांचे भोक घ्यावे. तिथे वाकण्याचा ताण जवळजवळ नसतो, त्यामुळे ताकद कमी होत नाही.

मुलांसाठी लांबी आणि रुंदी ७० टक्के घ्यावी. १२६० मिमीची फळी पुरते. जाडी त्याहून थोडी अधिक कमी केली तरी चालते, कारण पंचवीस किलोंच्या मुलाचा भारही कमी आणि तरफही आखूड. सलग लाकडात २५ मिमी पुरेशी आहे. खाच मात्र नव्याने मोजावी: २५ मिमी जाडीला सरळ खाचेची उंची ३० मिमी लागते, तिरक्या भिंती केल्यास दोन्ही पृष्ठांवर २५.४ मिमी आणि मागच्या पृष्ठावर माथ्याकडची सरक साडेचार मिमीच्या आसपास. मुलांच्या खुर्चीत मी तिरक्या भिंतींचाच आग्रह धरेन, आणि त्याचे कारण मजबुतीपुरते नाही. सरळ खाचेत शेपटीच्या वर, पुढच्या बाजूला चार मिमीहून अधिक उघडी फट राहते, बैठक हलली की ती मिटते, आणि लहान मुलाच्या बोटाचे टोक नेमके तिथेच जाते.